आधी सीएपीएम की थेट पीएमपी?

पीएमपीच्या परीक्षेत १८० प्रश्न असतात, पण बऱ्याच उमेदवारांना घाम फुटतो तो त्याच्याही आधी, अर्ज भरताना. प्रकल्पाचं नाव, कंपनी, काम कधी सुरू झालं, कधी संपलं, आणि मग एक रिकामा चौकोन : या प्रकल्पात तुम्ही नेमकं काय केलंत? सहा-सात वर्षं हिंजवडीत किंवा चाकणला राबलेला माणूस इथे अडखळतो. ‘टीमबरोबर काम केलं’ एवढ्यावर भागत नाही. काम कुणी आखलं, कुणी वाटून दिलं, उशीर होणार हे दिसल्यावर क्लायंटला फोन कुणी केला, हे त्या चौकोनात यावं लागतं.

सीएपीएम घ्यावी की पीएमपी, या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या चौकोनातच मिळतं.

दोन्ही सर्टिफिकेटं एकाच संस्थेची. प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट, म्हणजे पीएमआय, १९६९ साली अमेरिकेत स्थापन झाली. पीएमपी तिने १९८४ मध्ये सुरू केली, तर सीएपीएम बऱ्याच उशिरा, २००३ मध्ये आली. मुंबईत आणि पुण्यात संस्थेचे चॅप्टर आहेत. सीएपीएमच्या नावात ‘असोसिएट’ आणि पीएमपीच्या नावात ‘प्रोफेशनल’ असल्यामुळे लोकांना वाटतं, हे कच्चं लायसन्स आणि ते पक्कं. आधी पहिलं काढायचं, मग दुसरं. तसं मुळीच नाही. अनुभव असेल तर सीएपीएमकडे ढुंकूनही न पाहता थेट पीएमपीला बसता येतं.

सीएपीएमसाठी अनुभव लागतच नाही. बारावीपर्यंतचं शिक्षण आणि प्रकल्प व्यवस्थापनाचं २३ तासांचं प्रशिक्षण एवढं पुरतं. पीएमपीचा दरवाजा मात्र अनुभवानेच उघडतो. २०२१ च्या परीक्षेबरोबरच्या नियमांनुसार, चार वर्षांची पदवी असलेल्याला अर्जाआधीच्या आठ वर्षांत प्रकल्पांचं नेतृत्व केल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव दाखवावा लागतो. पदवी नसेल, डिप्लोमा असेल, तर ६० महिन्यांचा. शिवाय ३५ तासांचं प्रशिक्षण, जे सीएपीएम झालेल्याला माफ असतं. हे नियम आणि परीक्षेचा आराखडा अधूनमधून बदलतात, त्यामुळे क्लासच्या माहितीपत्रकावर न विसंबता संस्थेची ताजी पुस्तिका वाचून मगच पैसे भरावेत.

‘नेतृत्व’ या शब्दाने अनेक जण उगाच घाबरतात आणि काही जण उगाच खूश होतात. व्हिजिटिंग कार्डावर प्रोजेक्ट मॅनेजर छापलेलं असलंच पाहिजे, असा नियम नाही. समजा, चाकणच्या एका कारखान्यात नवी असेंब्ली लाइन बसवायची आहे. तिथल्या एकाचा हुद्दा ‘सिनियर इंजिनिअर’, पण व्हेंडरकडून कोटेशन मागवणं, दिवाळीच्या सुट्टीत लाइन बंद ठेवून बसवणीचं वेळापत्रक आखणं, इलेक्ट्रिकलवाले आणि सिव्हिलवाले यांची तोंडं दोन दिशांना असताना त्यांना एका टेबलावर बसवणं, खर्च मंजूर रकमेच्या आत ठेवणं, हे सगळं त्यानेच केलंय. त्याचे ते महिने मोजले जातात. उलट एखाद्याचा हुद्दा ‘प्रोजेक्ट मॅनेजर’ असतो, पण त्याची टीम वर्षानुवर्षं तेच सॉफ्टवेअर सांभाळते, रोजची तिकिटं रोज बंद करते. प्रकल्पाला सुरुवात असते, शेवट असतो आणि हाती काहीतरी नवं येतं. न संपणारी देखभाल हे रोजचं कामकाज झालं. ते कितीही जबाबदारीचं असलं तरी प्रकल्पाच्या खात्यात जमा होत नाही.

आणखी एक मेख आहे. एकाच वेळी दोन प्रकल्प हाताळले म्हणून महिने दुप्पट होत नाहीत. जानेवारी ते जून एक आणि एप्रिल ते सप्टेंबर दुसरा, तर हिशेबात बारा नव्हे, नऊच महिने धरले जातात.

अर्जात अनुभव ‘बसवून’ देण्याचा सल्ला देणारेही भेटतात. त्यांच्या नादी न लागलेलं बरं. काही अर्ज चिठ्ठी काढल्यासारखे पडताळणीसाठी निवडले जातात. मग ९० दिवसांत पदवीची प्रत, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं आणि ज्यांच्या हाताखाली काम केलं त्यांच्या सह्या पाठवाव्या लागतात. चार वर्षांपूर्वी सोडलेल्या कंपनीतल्या साहेबांना सहीसाठी गाठणं खऱ्या अनुभवालाही जड जातं. खोट्याचं तर विचारूच नये.

परीक्षांचा पिंडही निराळा आहे. सीएपीएममध्ये तीन तासांत १५० प्रश्न असतात आणि भर ज्ञानावर : संकल्पना ठाऊक आहेत का, कोणतं साधन कुठे वापरतात हे कळतं का. २०२३ मध्ये तिचा आराखडा बदलला तेव्हा एक गोष्ट घडली, जी फारशी कुणी सांगत नाही. बिझनेस ॲनालिसिसला त्यात २७ टक्के वाटा मिळाला, ॲजाइलला २० आणि जुन्या, आधी सगळं आखून चालणाऱ्या पद्धतीला अवघा १७. उरलेले ३६ टक्के मूलभूत संकल्पनांचे. क्लायंटला काय हवंय ते नीट समजून घेऊन लिहून काढण्याच्या कामाकडे, म्हणजे बिझनेस ॲनालिस्टच्या नोकरीकडे ज्यांचा डोळा आहे, त्यांना ही परीक्षा म्हणूनच जास्त उपयोगी पडते.

पीएमपी मात्र प्रसंग समोर टाकते. एक नमुना पाहू : प्रकल्प अर्ध्यावर आहे, व्हेंडरने कळवलंय की माल दोन आठवडे उशिरा येईल. प्रोजेक्ट मॅनेजरने सर्वांत आधी काय करावं? क्लायंटला मेल करावा, वरिष्ठांच्या कानावर घालावं, दुसरा व्हेंडर शोधावा, की या उशिराचा वेळापत्रकावर नेमका काय परिणाम होतो ते टीमबरोबर तपासावं? चारही पर्याय शहाणपणाचे वाटतात. आपल्याकडच्या ऑफिसांतली सवय म्हणजे आधी साहेबांना सांगून मोकळं व्हायचं. ती इथे नडते. परीक्षेला अपेक्षित असतो शेवटचा पर्याय : आधी परिणाम समजून घ्या, मग बोला. २०२१ पासूनच्या आराखड्यात माणसं हाताळण्याला ४२ टक्के वाटा मिळाला आणि जवळपास निम्मे प्रश्न ॲजाइल किंवा मिश्र पद्धतीचे झाले. पास व्हायला किती टक्के लागतात, हे संस्था जाहीर करत नाही. त्यामुळे ‘७० टक्के पडले की झालं’ असं छातीठोक सांगणाऱ्या क्लासकडे थोडं संशयानेच पाहावं.

मग कुणी काय घ्यावं? नुकतीच पदवी घेतलेल्या किंवा टेस्टिंग-सपोर्टमधून बाहेर पडू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी सीएपीएम ठीक आहे. विषय शिस्तीत शिकून होतो आणि मुलाखतीत बोलायला काहीतरी हाताशी राहतं. पण स्पष्टच सांगायचं तर नोकरीच्या जाहिरातींत पीएमपी हा शब्द वारंवार दिसतो, सीएपीएम क्वचित. केवळ तिच्या जोरावर पगार उडी घेईल, या आशेवर पैसे घालू नयेत.

खरी पंचाईत होते मधल्यांची, ज्यांच्या गाठीला दोन-अडीच वर्षांचा अनुभव आहे. सीएपीएम तीन वर्षं चालते. पीएमपीची पात्रता वर्षभरावर आली असेल तर मध्येच ही परीक्षा देणं म्हणजे खर्च आणि रविवार दोन्ही वाया. त्यापेक्षा ते वर्ष प्रत्यक्ष काम मागून घेण्यात घालवावं आणि प्रत्येक प्रकल्पाची नोंद तेव्हाच्या तेव्हा लिहून ठेवावी : तारखा, आपली भूमिका, निकाल, साहेबांचा वैयक्तिक ईमेल. पात्रता तीन-चार वर्षं लांब असेल तर हिशेब बदलतो. तेव्हा सीएपीएम अर्थपूर्ण ठरते, कारण पुढे ३५ तासांचं प्रशिक्षणही वाचतं.

सर्टिफिकेट कोण वाचणार, हेही पाहायला हवं. सुमारे ७४० किलोमीटरची कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली, तेव्हा या सर्टिफिकेटांचा आपल्याकडे बोलबाला नव्हता, ती उभारणाऱ्या ई. श्रीधरन यांची ओळख त्यांचं काम हीच होती. जिथे आपलं काम कुणी पाहिलेलं नाही तिथे मात्र कागद बोलतो. आखाती देशांतल्या बांधकाम कंपन्यांच्या जाहिरातींत म्हणूनच पीएमपी मागितलेली दिसते, आणि तिकडे जाऊ पाहणाऱ्या मराठी सिव्हिल इंजिनिअरला तिला फारसा पर्याय नाही. ब्रिटनकडे नजर असेल तर प्रिन्स-टूचा विचार करावा. ब्रिटिश सरकारी यंत्रणेतून १९९६ मध्ये आलेल्या या पद्धतीची पहिली पायरी, फाउंडेशन, अनुभवाशिवाय देता येते. तासाभरात ६० प्रश्न आणि ६० टक्क्यांना पास, इतकं ते सुटसुटीत आहे. स्क्रम मास्टरचा दोन दिवसांचा कोर्स सॉफ्टवेअर टीममध्ये चालतो, पुलाच्या साइटवर त्याला कुणी विचारत नाही.

परीक्षा पास झाल्यावरही खर्च थांबत नाही. पीएमपी टिकवायला दर तीन वर्षांत ६० पीडीयू, म्हणजे शिक्षणाचे आणि कामाचे गुण, जमवावे लागतात, सीएपीएमला १५. वर नूतनीकरणाचं शुल्क वेगळं. चॅप्टरच्या कार्यक्रमांतून आणि वेबिनारमधून बरेचसे गुण मिळतात, फक्त ते शेवटच्या महिन्यावर ढकलू नयेत. अनेक कंपन्या परीक्षेची फी भरून देतात, पण नूतनीकरणाचं बिल कुणाच्या नावावर पडणार, आणि फी दिली म्हणून किती वर्षं नोकरी सोडता येणार नाही, हे एचआरकडून अर्ज करण्याआधीच लेखी मागून घ्यावं.