अंगावरचे पुरळ आणि पोटातले बाळ

श्रोतेहो, नाचणगाव काय नि पुलगाव काय, लेकराच्या अंगावर लाल पुरळ दिसले की घरची म्हातारी म्हणते, "गोवर आला." पण गोवरासारखाच दिसणारा दुसरा एक रोग आहे, त्याचे नाव रुबेला. थोडा ताप, कानामागे गाठी, तीनेक दिवस पुरळ, की झाले! पुष्कळांना तेवढेही होत नाही.

मग एवढी धास्ती कशाला? धास्ती आहे ती गरोदर बाईला. पहिल्या तीन महिन्यांत तिला हा रोग झाला, तर शंभरातल्या नव्वद बाळांपर्यंत इजा पोहोचू शकते. डोळ्यांत मोतीबिंदू, हृदयात दोष, कानांनी बहिरेपण.

हे हेरले सिडनीच्या नॉर्मन ग्रेग या नेत्रवैद्याने, १९४१ साली. तान्ह्या बाळांना मोतीबिंदू कसा, म्हणून त्याने आयांकडे चौकशी केली. बहुतेकींना गरोदरपणाच्या आरंभी रुबेला होऊन गेला होता.

आता अडचण पाहा. बाळंतपणापर्यंत ते चार दिवसांचे पुरळ कोणाच्या ध्यानात राहते? म्हणून माग काढायचा तो बाळापासून. भारतात २०१६ पासून निवडक रुग्णालयांत अशा बाळांची नोंद सुरू झाली, पुण्याचे के.ई.एम. त्यांतलेच. मोतीबिंदू, हृदयदोष किंवा बहिरेपण दिसले की बाळाचे रक्त तपासतात. मात्र हे पहिल्या वर्षातच साधते. पुढे रक्तावरून नक्की सांगता येत नाही, आणि नोंद हुकते ती हुकतेच. शिवाय अशा बाळाच्या लाळेतून, लघवीतून वर्षभर रोग पसरू शकतो. गरोदर बायांनी जपावे.

महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांना गोवर-रुबेलाची लस देण्याची मोहीम निघाली; शाळाशाळांतून टोचणी झाली. "मुलग्यांना कशाला?" असे कोणी विचारील. अहो, मुलगाच रोग घरी आणतो, नि घरात त्याची आई किंवा काकू गरोदर असते! आता नियमित मात्रा दोन : नऊ ते बारा महिन्यांत एक, सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरी. गरोदर बाईला मात्र ही लस देत नाहीत.

गुरुजी, पहिलीतले मूल हाकेला ओ देत नसेल, तर त्याला मठ्ठ म्हणण्याआधी कान तपासून घ्या. आणि मायबाई, तान्ह्याच्या बुबुळात पांढरे दिसले, ताट पडल्याच्या आवाजाला ते दचकले नाही, तर आशाताईला त्याच दिवशी सांगा. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आपल्याच जिल्ह्यात आहे.