व्यवसायोपचार म्हणजे धंदेशिक्षण नव्हे

व्यवसायोपचार म्हटले की आपल्याकडे पुष्कळांना वाटते, आता मुलाला मेणबत्त्या नाहीतर कागदी पिशव्या करायला शिकवणार. दोष थोडा शब्दाचाच आहे, कारण आपण व्यवसाय म्हणजे धंदा समजतो. इथे अर्थ वेगळा आहे. माणूस दिवसभर ज्यात गुंतलेला असतो ते सगळे यात येते: दात घासणे, जेवणे, खेळणे, दुकानातून मीठ आणणे, आणि मोठेपणी कमाईचे कामही. (कागदावर ‘ओटी’ असे लिहिलेले पाहून घाबरू नये, ते ऑपरेशन थिएटर नव्हे.) भारतात या उपचाराचे पहिले विद्यालय १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू झाले. ते सुरू करणाऱ्या कमला निंबकर जन्माने अमेरिकन, पण लग्नानंतर आपल्याच झालेल्या.

बौद्धिक दिव्यांग मुलाचे चित्र कागदावर दोन तऱ्हांनी काढले जाते. पहिली तऱ्हा सगळ्यांच्या ओळखीची आहे: ‘वय २०, मानसिक वय ६.’ हे वाचले की घरचेही त्याच्याशी सहा वर्षांच्या मुलासारखे वागू लागतात. विशीतल्या तरुणापुढे मणी ओवायला ठेवतात, पाहुण्यांसमोर त्याच्याबद्दल तो तिथे नसल्यासारखे बोलतात. पण सहा वर्षांच्या मुलाने वीस पोळे पाहिलेले नसतात, आणि दाढी कशी करावी हा प्रश्नही त्याच्यापुढे नसतो. आमच्या मते ‘मानसिक वय’ हा शब्दप्रयोग घरात वापरूच नये.

दुसरी तऱ्हा व्यवसायोपचाराची. तिच्यात एकेक काम सुटे करून पाहतात. आंघोळीचेच घ्या. पाणी बादलीत घेणे, ते फार गरम नाही ना हे पाहणे, साबण लावणे, पाठीपर्यंत हात पोचवणे, अंग पुसणे. यातले तो स्वतःहून काय करतो, आठवण करून दिली की काय करतो, करून दाखवले की काय करतो आणि कशाला हात धरावा लागतो, हे लिहिले जाते. मग शिकवण्याची दिशाही दिसते. पुष्कळदा शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात: सदऱ्याची सगळी बटणे आईने लावायची, शेवटचे त्याने, ते जमले की शेवटची दोन. काम पुरे केल्याचा आनंद त्यामुळे रोज त्याच्याच वाट्याला येतो. कधी मुलाऐवजी वस्तू बदलतात. नाडीचा पायजमा जात नसेल तर इलॅस्टिकचा घ्यावा, त्यात कमीपणा नाही.

कायद्यातले शब्दही याच दिशेने सरकले आहेत. १९९५ च्या कायद्यात ‘मानसिक मंदत्व’ होते. २०१६ च्या कायद्याने ‘बौद्धिक दिव्यांगता’ म्हटले, आणि तिच्या व्याख्येत बुद्धीच्या मर्यादेबरोबर रोजच्या व्यवहारातली कौशल्येही धरली. १९८४ साली सिकंदराबादला स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्थेच्या नावातूनही जुना शब्द गेला. प्रमाणपत्रावर मात्र टक्का असतोच. सवलतींसाठी तो लागतो (बहुतेक ठिकाणी किमान ४०), पण मुलाला काय येते हे त्यातून कळत नाही.

आदिलाबादच्या मराठी घरांसाठी एक गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. आपले मूल घरी मराठी ऐकते, शाळेत तेलुगू, बाजारात हिंदी. तपासणी तेलुगूत किंवा इंग्रजीत झाली आणि प्रश्नच कळला नाही, तर ‘येत नाही’ अशी नोंद होते. ती अडचण भाषेची असते, पण कागदावर मुलाच्या नावे लागते. एक बरे आहे: बुद्धिमापनाची जी बिने-कामत चाचणी देशात आजही वापरली जाते, ती व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात मुळात मराठी आणि कानडी मुलांसाठीच तयार केली. मराठीत तपासणी मागणे म्हणजे काही जगावेगळे मागणे नव्हे.

तपासणाऱ्यांची भाषा मराठी नसेल तर दोन्ही भाषा येणारे घरचे माणूस बरोबर न्यावे. पण त्याने प्रश्न तेवढा सांगावा, उत्तर सुचवू नये. परदेशी यादीत चमचा, काटा, बुटाची नाडी असते. आपले मूल हाताने भाकरी मोडून वरणात कालवून खाते आणि चपला घालते, हे आपणच सांगायला हवे. एका हाताने ज्वारीची भाकरी मोडणे हे चमच्यापेक्षा सोपे नाही, करून पाहा. घरी तो जेवताना, केर काढताना, गुरांना पाणी दाखवताना मोबाइलवर छोटे चित्रण करून न्यावे; अनोळखी खोलीत बुजलेले मूल निम्मेही दाखवत नाही. आणि अहवाल हाती आला की ‘काय येत नाही’ या यादीखाली ‘कोणत्या मदतीने काय येते’ हेही लिहून मागावे.