धडाम... आणि नाणं आटलं!

हातोडा नाही, प्रेस नाही, भट्टी नाही. नुसत्या चुंबकाच्या जोरावर नाणी लहान करणारे काही अवलिये या जगात आहेत. हा खेळ नेमका काय आहे? आणि तो आपल्या टू बीएचकेमध्ये का करायचा नाही?

हिंजवडीतल्या माझ्या एका मित्राच्या डेस्कवर एक नाणं असतं. कीबोर्डच्या बाजूला, स्टिकी नोट्सच्या गठ्ठ्यावर. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते खेळण्यातलं वाटलं. अमेरिकेचा क्वार्टर, म्हणजे पाव डॉलर. वॉशिंग्टनसाहेबांचा चेहरा आहे, अक्षरं आहेत, सगळं जागच्या जागी. फक्त सगळंच बारीक. सुती कुर्ता पहिल्या धुण्यात आटावा, तसं ते नाणं आटलं होतं.

"आतेभावाने शिकागोहून आणलंय," मित्र म्हणाला. "चुंबकाने आटवलंय हे."

"चल, काहीही!"

माझं काय चुकलं सांगा. क्वार्टरला तर चुंबक चिकटतही नाही. पण घरी येऊन वाचत बसले आणि रात्रीचे दोन कधी वाजले ते कळलंच नाही. कारण मित्र खरं बोलत होता.

नेमकं होतं काय?

साधा क्वार्टर २४.२६ मिलिमीटर रुंद आणि १.७५ मिलिमीटर जाड असतो. वजन ५.६७ ग्रॅम. या प्रयोगानंतर तो त्यांच्याच दहा सेंटच्या डाइमएवढा, म्हणजे साधारण १८ मिलिमीटरचा होतो. मग उरलेला धातू गेला कुठे? कुठेच नाही. वजन तेवढंच राहतं, फक्त जाडी वाढून तीन मिलिमीटरच्या पुढे जाते. थोडक्यात, नाणं बारीक नाही, गुटगुटीत होतं!

यासाठी लागतो कपॅसिटर. आपल्या पंख्यात असतो तोच, पण त्याचा बाहुबली अवतार. असे मोठमोठे कपॅसिटर काही हजार व्होल्टपर्यंत चार्ज करायचे. नाण्याभोवती तांब्याच्या जाड तारेचे आठ-दहा वेढे घालायचे. आणि मग सगळी साठवलेली वीज एका झटक्यात त्या वेढ्यांमधून सोडायची. सुतळी बॉम्बला लाजवेल असा आवाज होतो, निळीपांढरी ठिणगी उडते आणि खेळ खल्लास. डोळ्याची पापणी लवायच्या आत नाणं आटलेलं असतं. तांब्याच्या वेढ्यांचा मात्र पत्ता नसतो. त्यांचे तुकडे तुकडे झालेले असतात.

आता गंमत ऐका. नाणं आटवायला लागणारी ऊर्जा असते साधारण पाच हजार जूल. ऐकायला केवढी वाटते ना? चहाबरोबर आपण जे ग्लुकोज बिस्कीट खातो, त्याच्या विसाव्या तुकड्यात तेवढी ऊर्जा असते. म्हणजे बशीत सांडलेला चुरा! फरक आहे तो वेळेचा. बिस्कीट पचायला काही तास लागतात. इथे तीच ऊर्जा पन्नास-एक मायक्रोसेकंदांत बाहेर पडते. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. हिशोब केला तर तेवढ्या क्षणापुरती ताकद होते दहा कोटी वॅट. ऑफिसमध्ये ज्याच्या रिमोटवरून रोज भांडणं होतात, तो दीड टनाचा एसी साधारण दीड हजार वॅट खातो. असे साठ हजारांहून जास्त एसी एकदम चालू झाले असं समजा.

विरोधी पक्षाचा नियम

पण चुंबक न चिकटणाऱ्या नाण्यावर चुंबकाचा जोर चालतो कसा? यासाठी दहावीचं विज्ञानाचं पुस्तक आठवा. १८३१ मध्ये मायकेल फॅरडेने दाखवून दिलं, की बदलतं चुंबकीय क्षेत्र जवळच्या तारेत वीज निर्माण करतं. पुढे १८३४ मध्ये हाइनरिख लेन्झने त्या विजेची दिशा सांगितली. ती नेहमी, ज्या बदलामुळे ती जन्मली त्याच बदलाच्या विरोधात वाहते. मी तर याला विरोधी पक्षाचा नियम म्हणते. सरकारने काहीही करो, आमचा विरोध!

कॉइलमधून हजारो अँपिअरचा लोंढा जातो, तेव्हा नाण्याच्या कडेने तसाच प्रचंड प्रवाह उलट्या दिशेने फिरू लागतो. उलट दिशेचे दोन प्रवाह एकमेकांना ढकलतात. कॉइल बाहेर ढकलली जाते आणि फुटते. नाण्याला सगळीकडून आत दाबलं जातं. त्याला पळायला जागाच नसते, म्हणून ते आटतं आणि जाड होतं.

शीतपेयाच्या रिकाम्या कॅनवर हाच प्रयोग केला तर आणखी धमाल. तीनचार वेढे कॅनच्या कमरेला घातले की कॅन मधोमध आवळला जातो, आणि हातात येतो चक्क डमरू. परदेशातल्या कितीतरी विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या मुलांना हे करून दाखवतात. लेन्झचा नियम मग जन्मभर विसरायची सोय नाही.

तुमच्या स्वयंपाकघरातली इंडक्शन शेगडीही याच घराण्यातली, बरं का. तिथे कॉइलमुळे भांड्याच्या बुडात प्रवाह फिरतात आणि भांडं तापतं. फक्त तिथला कारभार दीड-दोन हजार वॅटचा. त्यामुळे मॅगी शिजते, पातेल्याचा डमरू होत नाही.

आकाशातून आलेला पहिला नमुना

चुंबकीय जोर धातू चिरडू शकतो, हे माणसाला कुणी दाखवलं? विजेनेच. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या हार्टली व्हेल इथे रॉकेलच्या कारखान्यावर वीज पडली. तिथली वीजरोधक तांब्याची नळी आतल्या आत चिरडली गेली, कुणी मुठीत धरून आवळावी तशी. सिडनी विद्यापीठातल्या पोलॉक आणि बॅराक्लफ या दोघांनी १९०५ मध्ये त्याचं कारण मांडलं. तिथे कॉइल नव्हती. नळीतून वाहणाऱ्या प्रवाहाच्या स्वतःच्याच चुंबकीय क्षेत्राने नळीला आवळलं होतं.

पुढे कारखान्यांनी ही ताकद कामाला लावली. १९६१ मध्ये अमेरिकेत या पद्धतीने धातूला आकार देण्याचं पेटंट मिळालं. आज नळ्या एकमेकींत घट्ट बसवायला, ॲल्युमिनियम आणि तांब्यासारखे वेगवेगळे धातू जोडायला हे तंत्र वापरतात. ज्योत नाही, वेल्डिंगची काडी नाही. आपल्या मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या, म्हणजे बीएआरसीतल्या शास्त्रज्ञांनीही यावर बरंच काम केलंय. म्हणजे वाशीच्या पुलावरून जाताना लांबून जे घुमट दिसतात, त्या ट्रॉम्बेच्या संस्थेचा आणि माझ्या मित्राच्या डेस्कवरच्या त्या नाण्याचा लांबचा का होईना, नातेसंबंध आहे.

आणि या घराण्याचे महाराज? ते टोकियोत. २०१८ मध्ये टोकियो विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तांब्याचं एक कडं असंच चुंबकाने आत चिरडून त्यात अडकलेलं चुंबकीय क्षेत्र दाबलं गेलं. क्षणभरासाठी ते १२०० टेस्लापर्यंत पोचलं. हॉस्पिटलमधलं दणकट एमआरआय मशीन ३ टेस्लाचं असतं, म्हणजे हे त्याच्या चारशे पट. शास्त्रज्ञांची अपेक्षा ७०० टेस्लाच्या आसपासची होती. त्यामुळे झालं असं, की प्रयोगाच्या पिंजऱ्याचा लोखंडी दरवाजाच उडाला. माणसं सुखरूप होती, कारण ती दुसऱ्या खोलीत होती. हे "दुसऱ्या खोलीत" लक्षात ठेवा.

मग घरी करायचं?

अमेरिकेत हे करणारे हौशी लोक आहेत. कुणी निवृत्त इंजिनिअर, कुणी फिजिक्सचा विद्यार्थी. प्रयोगशाळांनी निकालात काढलेले कपॅसिटर मिळवायचे आणि घराबाहेरच्या गॅरेजमध्ये संसार थाटायचा. काही जण आटवलेली नाणी विकतातही. तिथल्या कायद्याला नाण्यात फेरफार करून कुणाला फसवण्यावर आक्षेप आहे, गमतीवर नाही. आपल्याकडे तसं नाही हं. २०११ च्या नाणे कायद्यानुसार नाणं वितळवणं किंवा नष्ट करणं हा गुन्हा आहे, आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत कैद. शिवाय आपला आजचा रुपया स्टेनलेस स्टीलचा. त्यातून तांब्याच्या मानाने वीज फारच कमी वाहते, त्यामुळे तो नीट आटणारही नाही.

माझा मित्र म्हणाला, "नाणं नको. कॅनचा डमरू तर करू!" आणि तो कामालाच लागला. भंगारवाल्याकडून जुन्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर आणला. कपॅसिटरची शोधाशोध सुरू झाली. शनिवारी मी त्याच्या घरी गेले, तर गॅलरीत कपड्यांच्या स्टँडखाली सगळा पसारा मांडलेला.

त्याचे बाबा वीज मंडळात लाइनमन होते. तीस वर्षं खांबांवर चढून आता निवृत्त झालेत. ते चहाचा कप घेऊन आले, पसारा बघितला, रागावले वगैरे नाहीत. खाली बसून त्यांनी सगळं समजून घेतलं. मग एकच प्रश्न विचारला.

"बंद केल्यावर हे बंद झालंय, हे तुला कळणार कसं?"

"मीटर लावून बघेन."

"आणि मीटर बघून झाल्यावर, पाच मिनिटांनी?"

मित्र गप्प. काकांनी सांगितलं ते मी नंतर तपासून पाहिलं, आणि ते शब्दशः खरं आहे. मोठा कपॅसिटर रिकामा केला तरी त्याच्या आतल्या थरांत थोडी वीज मुरून राहते. तारा सोडवल्या, की ती हळूहळू परत टोकांवर येते. म्हणून असे कपॅसिटर ठेवताना त्यांची दोन्ही टोकं तारेने जोडूनच ठेवावी लागतात. "सबस्टेशनात कपॅसिटर बँक बंद केली तरी आम्ही घड्याळ लावून थांबायचो," काका म्हणाले. "मग डिस्चार्ज रॉड टाकायचा. मग हात. घाई करणारा एक जण माझ्याबरोबर होता." पुढे ते काही बोलले नाहीत. आम्हीही विचारलं नाही.

आकडेच बघा. बंद पडणाऱ्या हृदयाला डॉक्टर जो झटका देतात, तो जास्तीत जास्त ३६० जूलचा असतो. नाणं आटवणारी बँक पाच हजारांची. शिवाय तांब्याचे तुकडे बंदुकीच्या गोळीसारखे सुटतात, म्हणून जाणकार मंडळी जाड पोलादी पेटी वापरतात आणि लांबून दोरीने किंवा हवेच्या दाबाने स्विच चालवतात. टोकियोची दुसरी खोली आठवली ना?

आणि तो मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर तर त्याहून कपटी. तो सुमारे दोन हजार व्होल्ट देतो, आणि दिसतो मिक्सरच्या मोटरसारखा गरीब. त्याच्या साहाय्याने लाकडावर विजेची नक्षी जाळायची एक फॅशन मध्यंतरी आली होती. तिच्यापायी अमेरिकेत तीसहून जास्त लोकांचा जीव गेला. तिथल्या लाकूड कातणाऱ्या कारागिरांच्या संघटनेने शेवटी आपल्या कार्यक्रमांत या प्रकारावर बंदीच घातली. मेलेले सगळे काही अडाणी नव्हते. त्यांना फक्त वाटलं होतं, की आपल्याला जमतंय.

मित्राने ट्रान्सफॉर्मर उचलून पोत्यात घातला. चेहरा पडला होता बिचाऱ्याचा.

या वीकेंडला हे करा

पण काका खरे लाइनमन. पोराला नुसतंच "नको" म्हणून सोडतील कसे? ते खाली गेले आणि एसी बसवणाऱ्याकडून तांब्याच्या पाइपचा उरलेला मीटरभर तुकडा घेऊन आले. आतून सरळ आणि गुळगुळीत. मित्राकडे छोटी, गोल निओडिमियम चुंबकं होतीच. पाइपात सैल बसतील अशी.

तुम्हीही करून बघा. पाइप उभा धरा. आधी त्यातून साधा खडा टाका. तो अर्ध्या सेकंदात खाली येतो. मग चुंबक टाका आणि वाट बघा. ते येतच नाही! पाइपात वरून डोकावलं तर दिसतं, चुंबक भिंतीला न चिकटता, एखाद्या लिफ्टसारखं निवांत खाली उतरतंय. पडणाऱ्या चुंबकामुळे पाइपात प्रवाह फिरतात, ते प्रवाह चुंबकाला विरोध करतात. तोच फॅरडे, तोच लेन्झ, तोच विरोधी पक्ष. नाणं आटवणारा नियम, फक्त घाई न करता. काळजी एवढीच घ्या, की ही चुंबकं लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका आणि घरात कुणाला पेसमेकर असेल तर त्यांच्यापासून लांब ठेवा.

आम्ही तासभर तेच करत होतो. चहा दोनदा झाला. मित्राने स्टॉपवॉच लावून वेळा लिहून काढल्या, एका चुंबकाच्या, दोन चुंबकांच्या, तीन चुंबकांच्या. काकांनी तर पाइप सोडलाच नाही. मी निघाले तेव्हा ते शेजारच्या जोश्यांना हाक मारत होते, "अहो, जरा इकडे या, एक गंमत दाखवतो!"