घर कोणाचं? : पॉल विटगेनस्टाइनचा डावा हात



मी बरीच वर्षं वर्गात लुडविग विटगेनस्टाइन शिकवला. त्याचा थोरला भाऊ पॉल पियानोवादक होता, एवढंच मला ठाऊक होतं. तळटीपेत भेटणारा माणूस. निवृत्तीनंतर त्याच्याकडे नीट लक्ष गेलं, आणि त्याच्या आयुष्यानं माझ्यापुढे एक प्रश्न ठेवला. कलाकृती कोणाची? लिहिणाऱ्याची, पैसे मोजणाऱ्याची, की वाजवणाऱ्याची?

पॉलचा जन्म १८८७ सालचा, व्हिएन्नातला. वडील कार्ल हे पोलादाच्या धंद्यातले बडे उद्योगपती. घरात ब्राम्ससारख्यांची ऊठबस. पण मुलानं पोटापाण्यासाठी पियानो वाजवावा हे वडिलांना पसंत नव्हतं. ते १९१३ च्या जानेवारीत वारले आणि त्याच वर्षी डिसेंबरात पॉलची पहिली जाहीर मैफल झाली. पुढच्या ऑगस्टमध्ये तो महायुद्धाच्या आघाडीवर होता. पोलंडच्या भूमीवर उजव्या हाताला गोळी लागली, हात कापावा लागला, आणि शुद्धीवर आला तेव्हा तो रशियनांचा कैदी झालेला होता.

त्याला सैबेरियात ओम्स्कला नेलं. तिथे त्यानं एका खोक्यावर कोळशानं पियानोच्या पट्ट्या काढल्या आणि तासन्‌तास त्यांवर डावा हात चालवत बसला. आवाज फक्त डोक्यात. व्हिएन्नातले आपले अंध गुरू योझेफ लाबोर यांना त्यानं कळवलं, एका हातासाठी काहीतरी लिहा. गुरूंनी ते आधीच लिहायला घेतलं होतं! कैद्यांच्या अदलाबदलीत तो १९१५ साली परतला, आणि १९१६ च्या डिसेंबरात लाबोर यांची रचना घेऊन पुन्हा रंगमंचावर बसला.

आता तुम्ही विचाराल, एका हातानं पियानो वाजतो कसा? डावा हात समोर टेबलावर ठेवून बघा. करंगळी डावीकडे, अंगठा उजवीकडे. पियानोचे खर्जाचे स्वर डावीकडे असतात आणि वरचे उजवीकडे. मुख्य धून बहुधा वरच्या स्वरांत असते, म्हणजे ती हाताच्या सगळ्यात बळकट बोटाकडे, अंगठ्याकडे येते. खर्जाचा स्वर वाजवून हात वर झेपावतो, तेव्हा पायाखालचं पेडल तो खर्ज धरून ठेवतं. ऐकणाऱ्याला दोन हात असल्याचा भास होतो. उजव्या हाताला हे इतकं सोपं नाही. तिथे धून करंगळीच्या वाट्याला येते.

तंत्र होतं, पण रचना कुठून आणायच्या? पॉलकडे वडिलांची संपत्ती होती. त्यानं त्या काळच्या नामवंतांना कॉन्चेर्टो, म्हणजे एक वाद्य आणि पूर्ण वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचना, मागवायला सुरुवात केली. हिंडेमिथ, कोर्नगोल्ड, रिचर्ड स्ट्राउस, राव्हेल, प्रोकोफिएव्ह, नंतर ब्रिटन.

इथून भांडणं सुरू होतात. राव्हेलचा कॉन्चेर्टो त्यानं जानेवारी १९३२ मध्ये व्हिएन्नात पहिल्यांदा वाजवला, पण स्वतःच्या मर्जीनं बदल करून. राव्हेल संतापला. प्रोकोफिएव्हला त्यानं कळवून टाकलं की मला यातलं काही कळत नाही, मी वाजवणार नाही. हिंडेमिथची १९२३ सालची रचना त्यानं कधीच वाजवली नाही. कुलूपबंद ठेवली.

१९३८ साली ऑस्ट्रिया हिटलरच्या ताब्यात गेला. नाझी कायद्यानं हे कुटुंब ज्यू ठरलं, आणि पॉल अमेरिकेत गेला. तिकडे युद्धात उजवा हात गमावलेला आणखी एक पियानोवादक होता, झीगफ्रीड राप. त्यानं १९५० साली पॉलकडे या रचना वाजवण्याची परवानगी मागितली. पॉलनं नकार दिला. आशय असा की, दुसऱ्यानं येऊन राहावं म्हणून कोणी घर बांधत नाही. कल्पना माझी, पैसे माझे.

आपल्याला हे परकं नाही. चीज हातची राखणाऱ्या उस्तादांच्या गोष्टी आपणही ऐकल्यात. आणि पॉलला नुसतं स्वार्थी म्हणून मोकळं होऊ नये. दोन हातांच्या वादकापुढे शेकडो रचना असतात, याच्यापुढे मूठभर. त्या सगळ्यांनी वाजवल्या तर आपली जागा काय उरणार, ही धास्ती खरी होती. याच माणसानं १९५७ साली डाव्या हाताच्या वादनाचे धडे तीन खंडांत छापले. कसं वाजवायचं ते सगळ्यांना दिलं. काय वाजवायचं ते अडवून धरलं.

पण घराची उपमा इथे चुकते, असं मला वाटतं. माझ्या घरात दुसरा राहिला तर मला जागा उरत नाही. रचना दुसऱ्यानं वाजवली तर ती माझ्या हातून जात नाही. पैसे देणाऱ्याला पहिल्यांदा वाजवण्याचा हक्क असावा, न वाजवण्याचाही असावा. कोणालाच वाजवू न देण्याचा हक्क मात्र पैशानं विकत घेता येत नाही.

पुढे काय झालं तेही सांगतो. प्रोकोफिएव्हची रचना रापनंच १९५६ साली बर्लिनमध्ये पहिल्यांदा वाजवली. पॉल १९६१ साली वारला. हिंडेमिथची संहिता त्याच्या पत्नीच्या निधनानंतर, २००२ साली सापडली. २००४ मध्ये बर्लिनलाच ती पहिल्यांदा वाजली. वादक लिऑन फ्लायशर. साठच्या दशकात त्यांच्या उजव्या हाताची बोटं आपोआप आत वळू लागली होती, आणि कित्येक वर्षं डाव्या हाताच्या रचनांनीच त्यांना रंगमंचावर टिकवलं होतं. त्यांतला मोठा आधार म्हणजे पॉलनं मागवलेला राव्हेलचा कॉन्चेर्टो.

पुढच्या वेळेपर्यंत तो ऐकून या. जेमतेम वीस मिनिटांचा आहे. सुरुवात इतकी खोल खर्जात आहे की आवाज वाढवावा लागेल. ऐकताना डावा हात टेबलावर ठेवा. मग प्रश्नोत्तरं घेऊ.