सायकसची निगा : ना माड, ना साबुदाणा

रोपवाटिकांत ‘सागो पाम’ या नावाने विकले जाणारे शोभेचे झाड आता गोव्यातील अनेक घरांच्या अंगणात, गच्चीवर आणि दिवाणखान्यातही दिसते. जाड, खवलेदार खोड आणि त्यावर गोलाकार पसरलेल्या गडद हिरव्या, चकचकीत पानांचा झुबका यांमुळे ते चटकन नजरेत भरते. मात्र त्याच्या प्रचलित नावातील दोन्ही शब्द फसवे आहेत. हे झाड पाम म्हणजे माड-पोफळीच्या कुळातले नाही आणि आपल्या उपवासाच्या साबुदाण्याशीही त्याचा संबंध नाही. पहिल्या गैरसमजापायी झाड दगावते, तर दुसऱ्यापायी घरातील जिवाला धोका संभवतो.

नावामागचे झाड

या वनस्पतीचे शास्त्रीय नाव ‘सायकस रिव्होल्यूटा’. दक्षिण जपानमधील क्यूशू व रिउक्यू बेटांवर, समुद्रालगतच्या खडकाळ उतारांवर ती नैसर्गिकरीत्या वाढते. सायकसला फुले येत नाहीत. नर झाडावर लांबट शंकू येतो, मादी झाडावर लोकरीसारख्या लव असलेल्या पानांचा गड्डा तयार होतो आणि त्यात नारिंगी-तांबड्या बिया धरतात. म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हे झाड नारळापेक्षा देवदाराला जवळचे आहे. १८९६ साली जपानी शास्त्रज्ञ इकेनो यांनी सायकसमध्ये पोहणाऱ्या पुंपेशी दाखवून दिल्या, तेव्हा या कुळाचे प्राचीनत्व विशेषत्वाने अधोरेखित झाले. याच कुळातील ‘सायकस सर्सिनॅलिस’ ही जात आपल्या सह्याद्रीच्या रानांत आढळते.

पाणी आणि माती

माडाला पाणी मानवते, म्हणून सायकसलाही रोज पाणी घालण्याची चूक सर्रास होते. खडकाळ उतारावरच्या या झाडाला मुळांशी साचलेले पाणी मुळीच सोसत नाही. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक चार महिन्यांतच कोसळतो. या काळात कुंडीतील सायकसला सर्वांत मोठा धोका असतो तो मूळकुजीचा. खोड दाबून पाहिल्यास मऊ लागले, तर कूज आतपर्यंत पोहोचली असे समजावे.

म्हणून कुंडीला तळाशी मोठी छिद्रे असावीत. मातीत जवळजवळ निम्मे प्रमाण जाड वाळू किंवा बारीक खडीचे ठेवावे. अंगणात लावायचे असल्यास उंचवट्याची जागा निवडावी आणि खोडाचा गड्डा मातीच्या वरच राहील अशा बेताने लावावे. पावसाळ्यात कुंडी पागोळ्यांखालून हलवून छपराच्या आडोशाला न्यावी, खालची ताटली काढून टाकावी. एरवी बोटभर खोलीपर्यंतची माती कोरडी झाल्यावरच पाणी द्यावे. पाणी खोडाच्या शेंड्यावर न ओतता कडेने घालावे.

ऊन, खत आणि नवी पाने

घरात ठेवायचे असल्यास भरपूर उजेड येणाऱ्या खिडकीलगतची जागा द्यावी. अंधाऱ्या कोपऱ्यात नवी पाने लांबुडकी व लुळी निघतात. घरातले झाड एकाएकी भर उन्हात नेल्यास पाने करपतात. त्याला दोन-तीन आठवड्यांत हळूहळू उन्हाची सवय लावावी.

सायकसची पाने एकेक करून येत नाहीत. बहुधा वर्षातून एकदा सबंध झुबका एकदम उलगडतो. त्या दिवसांत कुंडी हलवू नये, कारण उजेडाची दिशा बदलल्यास पाने वेडीवाकडी वाढतात. त्याच्या प्रवाळासारख्या दिसणाऱ्या काही मुळांत नत्र स्थिर करणारे नीलहरित जिवाणू राहतात. कुंडी बदलताना ती मुळे रोगट समजून तोडू नयेत. खालची जुनी पाने पिवळी पडणे स्वाभाविक असते. नवी पानेच पिवळी व आखडलेली निघत असतील, तर मँगनीजची कमतरता असण्याचा संभव अधिक.

कोवळ्या पानांवर एक लहानसे निळसर फुलपाखरू अंडी घालते आणि त्याच्या अळ्या काही दिवसांत संपूर्ण झुबका फस्त करू शकतात. पाने टणक होईपर्यंत झुबक्यावर मच्छरदाणीचे कापड सैलसर बांधणे हा सोपा उपाय. पानांच्या खालच्या बाजूस पांढरा थर दिसल्यास ती बहुधा खवले कीड असते. अधिक बाधित पाने कापून नष्ट करावीत व उरलेल्यांवर कडुनिंबाच्या तेलाचे पाण्यातील मिश्रण पुनःपुन्हा फवारावे.

विषाची जाणीव

बाजारातील साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून बनतो, तर आग्नेय आशियातील खरा ‘सागो’ निराळ्याच पाम वृक्षाच्या गाभ्यातून मिळतो. सायकसच्या सर्वच भागांत, विशेषतः बियांत, सायकॅसिन हे यकृताला घातक असलेले विष असते. रिउक्यू बेटांवरील लोक धुणे, आंबवणे व वाळवणे अशा दीर्घ प्रक्रियेनंतर त्याचे पीठ खात. १९२० च्या दशकातील ओकिनावाच्या आर्थिक हलाखीत ही प्रक्रिया नीट न झाल्याने माणसे दगावली. तो काळ तेथे ‘सायकसचा नरक’ म्हणून ओळखला जातो.

घरात लहान मूल किंवा कुत्रा असल्यास झाड त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवावे आणि मादी झाडावरील बिया गळण्यापूर्वीच काढाव्यात. पानांची टोके टोचरी असल्याने हे काम हातमोजे घालून करावे. एक-दोन बियाही कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात. उलट्या, सुस्ती, कावीळ ही लक्षणे उशिराने दिसू शकतात. त्यामुळे ती दिसण्याची वाट न पाहता कुत्र्याला पशुवैद्याकडे, मुलाला रुग्णालयात तत्काळ न्यावे. सोबत पान किंवा बी न्यावी, म्हणजे विष कोणते हे डॉक्टरांना लगेच कळेल.