संमतिपत्रातील एक वाक्य

शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाची लेखी संमती घेण्याचा प्रघात आता रूढ झाला आहे. परंतु ज्या कागदावर ती घेतली जाते त्याच्या रचनेचा विचार क्वचितच होतो. विरार पूर्वेच्या मनवेलपाड्यासारख्या वस्तीत मराठी, गुजराती व हिंदी बोलणारी कुटुंबे शेजारीशेजारी राहतात. तेथील एखाद्या स्त्रीचे गर्भाशय काढावयाचे ठरल्यास तिच्यापुढे सहीसाठी कोणते वाक्य ठेवावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या शस्त्रक्रियेस आपल्याकडील स्त्रिया ‘पिशवी काढणे’ म्हणतात. कागदावर मात्र ‘हिस्टेरेक्टॉमी’ असते, आणि भाषांतर केलेच तर ‘गर्भाशय-उच्छेदन’. पहिला शब्द परका, दुसरा पंडिती. तथापि ‘पिशवी’ लिहिल्याने काम भागते असेही नाही. पिशवीबरोबर बीजकोशही जाणार की राहणार, हे त्या शब्दातून कळत नाही; आणि पाळी चालू असण्याच्या वयात दोन्ही बीजकोश गेले, तर पाळी जाण्याच्या वेळचे त्रास अकस्मात सुरू होतात व हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. म्हणून काय काढणार, काय ठेवणार, त्याचा पुढे परिणाम काय, आणि औषधांवर भागण्यासारखे आहे किंवा नाही, हे प्रथम यावे. भूल, रक्तस्राव इत्यादींच्या धोक्यांची यादी त्यानंतर.

ही सीमा सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात, १६ जानेवारी २००८ रोजी, स्पष्ट केली. १९९५ मध्ये एका स्त्रीने दुर्बिणीच्या तपासणीस संमती दिली होती. ती भुलेखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय व बीजकोश काढण्यात आले. जिवावरचा प्रसंग नसताना, सज्ञान रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबता येत होते. सबब आईची संमती न्यायालयाने ग्राह्य मानली नाही. याउलट वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत संमती कोणाची घ्यावी हे सांगताना पती वा पत्नी प्रथम येतात, अज्ञानाचे पालक नंतर, आणि खुद्द रुग्ण सर्वांत शेवटी! छापील नमुन्यांतून ‘नातेवाइकाची सही’ ही ओळ ठळक दिसते, तीत हीच वृत्ती आहे.

बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोडणी कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. यावरून प्रत्येक शस्त्रक्रिया अनावश्यक होती असे म्हणता येत नाही. परंतु पुढील परिणाम त्यांना कोणत्या शब्दांत सांगितले गेले, हे विचारल्यावाचून राहवत नाही.

रुग्णाच्या भाषेचा आग्रह कायद्यास अपरिचित नाही. प्रसवपूर्व निदानाच्या १९९४ च्या कायद्याने गर्भवतीची लेखी संमती तिला समजणाऱ्या भाषेत घेणे व तिची प्रत तिला देणे बंधनकारक केले आहे. हीच रीत शस्त्रक्रियेसही लावावी. शिवाय नमुन्यात दोन ओळी कोऱ्या ठेवाव्यात. डॉक्टरांनी समजावून सांगितल्यावर ‘बाई, तुमचे काय काढणार आहोत ते तुम्हीच सांगा’ असे विचारावे आणि तिचे उत्तर, तिच्याच बोलीत, तेथे उतरून घ्यावे. उत्तर चुकले तर सही घेऊ नये, पुन्हा सांगावे. अंगठा उठविणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत साक्षीदार तिची भाषा जाणणारा आणि शक्यतो रुग्णालयाच्या नोकरीत नसलेला असावा. आणि हे सारे आदल्या दिवशी व्हावे, शस्त्रक्रियागृहाच्या दारात नव्हे.