खिशांतील चाकू व डब्याचें झांकण

दोन वर्षांपूर्वीं दिवाळीच्या सुटींत आमचें बालवीर पथक लोहगडाच्या पायथ्याशीं मुक्कामास गेलें होतें. संध्याकाळीं अननसाच्या फोडींचा डबा उघडण्याचें ठरलें. सातवींतील एका मुलाला वडिलांच्या बहुगुणी चाकूनें डबे उघडण्याचा चांगला सराव होता. म्हणून तें काम त्याजकडे आलें. परंतु त्या दिवशीं त्याच्या हातीं होता तो सोबत्याचा चाकू. पहिलें भोंक ठीक पडलें. पुढें त्यानें नेहमींप्रमाणें चाकू आपल्याकडे ओढला मात्र, तोंच आंकडी निसटली व फाटलेल्या पत्र्याची कड त्याच्या तळहातांत शिरली. मीं रक्त थांबवून पट्टी बांधली खरी. पण ती बांधतां बांधतां "वेंधळा आहेस" असेंही बोलून गेलों.

रात्रीं दुसऱ्या एका मुलाच्या पिशवींत त्याच्या ओळखीच्या जातीचा चाकू निघाला. दोन्ही चाकू कंदिलाजवळ धरून पाहतों, तों एकाचें डबा कापण्याचें पातें पुढें ढकलीत न्यावयाचें व दुसऱ्याचें मागें ओढीत आणावयाचें! मुलगा वेंधळा नव्हता. त्याच्या हाताला जी संवय होती तिच्या उलट दिशेचें हत्यार त्याला मिळालें होतें. दोष हत्याराचाही नव्हता. तें कसें चालतें हें आधीं न सांगणाऱ्या शिक्षकाचा होता. सकाळीं मीं तसें सर्वांसमक्ष कबूल केलें. प्रस्तुत लेख हा त्याच ऋणाचा उरलेला हप्ता आहे.

या हत्याराचा इतिहास मोठा मौजेचा आहे. डबा आधीं जन्मला व तो उघडण्याचें साधन पुष्कळ मागाहून आलें. अन्न हवाबंद करून उष्णतेनें टिकविण्याची कृति फ्रान्समधील निकोला अपेर यानें १८१० सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. तो कांचेच्या बाटल्या वापरी. त्याच वर्षीं इंग्लंडांत पीटर ड्युरांड यानें कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या डब्यांचें पेटंट घेतलें, आणि १८१३ च्या सुमारास डाँकिन व हॉल यांच्या कारखान्यांतून असे डबे बाहेर पडूं लागले. ते जाड व डांक लावून बंद केलेले असत, आणि उघडावयाचे छिन्नी व हातोड्यानें! डबा उघडण्याचें खास साधन रॉबर्ट येट्स यानें इंग्लंडांत १८५५ सालीं काढलें. अमेरिकेंत एझ्रा वॉर्नर याला १८५८ सालीं तशाच कामाचें पेटंट मिळालें. पुढें पत्रा पातळ झाला. झांकण व भिंत यांच्या कडा एकत्र दुमडून वर उभा कांठ करण्याची पद्धत रूढ झाली. हा कांठ म्हणजे आंकडीला आयताच मिळालेला आधार होय. डबा बदलला म्हणून हत्यार बदललें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

आतां खिशांतल्या चाकूकडे वळूं. स्विस सैन्यानें १८८९ ची नवी बंदूक स्वीकारली, तेव्हां ती उघडण्यास शिपायाला स्क्रू-ड्रायव्हर लागूं लागला. शिधाही डब्यांतून मिळूं लागला. म्हणून १८९० च्या नमुन्याच्या चाकूंत पातें, आरी, स्क्रू-ड्रायव्हर व डबा उघडण्याचें हत्यार अशीं चार साधनें एका मुठींत बसविण्यांत आलीं. एवढे चाकू करण्याची शक्ति त्या वेळीं स्वित्झर्लंडांतील कोणत्याही कारखान्यांत नव्हती. पहिले चाकू जर्मनींतील झोलिंगेन येथून आले. इबाख गांवच्या कार्ल एल्सेनर यानें ही उणीव भरून काढण्याचा ध्यास घेतला व १८९७ सालीं हलका असा अधिकाऱ्यांचा चाकू नोंदविला. याच कारखान्याचें पुढें व्हिक्टोरिनॉक्स असें नांव झालें. डेलेमाँ येथील व्हेंगर हा दुसरा कारखानाही सैन्याला चाकू पुरवी. १९०८ पासून सरकारी मागणी दोघांत वांटली जाऊं लागली. पुढें २००५ सालीं पहिल्यानें दुसऱ्याला विकत घेतलें.

एकाच सैन्याचे हे दोन चाकू. पण डब्याशीं दोघांचें वर्तन निराळें. व्हिक्टोरिनॉक्सचें पातें कांठाला आंकडी लावून लहान लहान घांस घेत पुढें सरकतें. व्हेंगरचें पातें पक्ष्याच्या नखासारखें वांकडें असून तें मागें सरकत कापतें. पुढें जाणाऱ्या पात्यास पुढची वाट मोकळी दिसते, व हात कापलेल्या कडेवरून मागें येत नाहीं. मागें येणाऱ्या पात्यास ओढण्याची स्वाभाविक शक्ति मिळते, व पुष्कळांना तीच संवयीची वाटते. एक उत्तम व दुसरें टाकाऊ असें मुळींच नाहीं. मात्र एकाची रीत दुसऱ्यावर लादली कीं फसगत ठरलेली.

दोहोंच्या मुळाशीं तत्त्व एकच, व तें म्हणजे तरफ. कांठाखालीं अडकलेली आंकडी हा टेकू. झांकणांत शिरणारी धार हा भार. आणि मुठीवरील हात ही शक्ति. समजा, टेकूपासून धार ८ मिलिमीटर अंतरावर व हात ८० मिलिमीटर अंतरावर आहे; तर घर्षण सोडून दिल्यास हाताचा जोर धारेपाशीं दसपट होतो. शिवाय तो जोर अगदीं अरुंद धारेवर एकवटतो, म्हणून पत्रा फाटतो. मात्र जितका जोर वाढतो तितकें अंतर घटतें: हात बराच हालतो, धार थोडीशीच. म्हणूनच एका दमांत लांब कापूं पाहणाऱ्याचें हत्यार अडकतें.

ही गोष्ट अमेरिकन सैन्याच्या एका चिमुकल्या साधनावरून फार चांगली कळते. १९४२ सालीं तयार झालेलें पी-३८ म्हणजे पत्र्याची एक पट्टी व तिला बिजागरीनें जोडलेलें दांतासारखें पातें. लांबी अवघी ३८ मिलिमीटर. शिपाई तें गळ्यांतील ओळखपट्टीच्या सांखळींत अडकवीत. तें मनगट पिळून चालवावयाचें. त्याचें मोठें भावंड पी-५१ हें ५१ मिलिमीटर लांब. तेवढ्या लांबीनेंही अंगठ्यावरचा ताण कमी होतो. याउलट ९१ मिलिमीटरच्या चाकूची सबंध मूठच तरफेचा दांडा होते.

चाकूंतील हत्याराला दुसरीही एक अडचण असते: त्याला एकटें राहतां येत नाहीं. व्हिक्टोरिनॉक्सच्या त्याच पात्याचें टोंक बारीक स्क्रू-ड्रायव्हरचेंही काम करतें. टिम लेदरमन या अमेरिकन गृहस्थानें १९८३ सालीं विक्रीस आणलेल्या पकडीच्या हत्यारांत डब्याचें व बाटलीचें काम एकाच पात्याकडे दिलें आहे. जागा वांचते, परंतु टोंक स्क्रूवर घासून बोथटलें कीं पुढच्या डब्याला त्याची किंमत द्यावी लागते.

तेव्हां चाकू घेतांना पात्यांची संख्या मोजण्यापेक्षां तीन गोष्टी पाहाव्या: पातें कोणत्या दिशेनें चालतें, मूठ हातभर धरतां येते कीं नाहीं, आणि उघडलेलें पातें स्प्रिंगनें घट्ट उभें राहतें कीं नाहीं. वापरतांना डबा मांडीवर न धरतां सपाट जागीं ठेवावा; आंकडी बसल्याची खात्री करावी; घांस लहान घ्यावे; झांकण बोटानें न उचलतां चमच्यानें उचलावें. शेवटीं पातें धुऊन पुसावें. फुगलेला डबा मात्र कोणत्याच हत्यारानें उघडूं नये. तो टाकून द्यावा.

पालकांसही एक विनंति आहे. आमरसाचा डबा विळीच्या टोंकानें किंवा पेचकसानें फोडण्याचा प्रकार अद्याप पुष्कळ घरीं चालतो. तो मुलें पाहतात व तसेंच करतात. त्यापेक्षां एखाद्या रविवारीं मुलाला शेजारीं बसवून योग्य हत्यार त्याच्या हातीं द्यावें व सावकाश शिकवावें.

त्या मुलाचा हात आठवड्यांत बरा झाला. पुढच्या मुक्कामांत डबा उघडण्याचें काम मीं पुन्हा त्याजकडेच दिलें. त्यानें चाकू हातीं घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि विचारलें, "सर, हा ढकलायचा कीं ओढायचा?" एवढा प्रश्न मीं आदल्या वर्षीं विचारला असता, तर त्याच्या तळहातावरचा तो पांढरा वण आज नसता.